खाटेवरची बाग

नवरात्र सरले की नाशिकच्या हवेत एक दुहेरी पंधरवडा येतो. दुपारचे ऊन अंग भाजून काढते आणि पहाटे मात्र पायांवर चादर ओढून घ्यावीशी वाटते. दिंडोरी-निफाडच्या पट्ट्यात या सुमारास द्राक्षबागांची गोडी छाटणी चाललेली असते. घरच्या बागेचे पंचांगही त्याच्याशी मिळतेजुळते आहे. पावसाळ्यात माजलेले तण उपटायचे, चोपून घट्ट बसलेली माती मोकळी करायची, गुलाब छाटायचे, मेथी-पालक-कोथिंबिरीचे वाफे करायचे, फ्लॉवर-टोमॅटोची रोपे लावायची. हे सारे दिवाळीच्या आसपास उरकले नाही, तर थंडीचा हंगाम हातचा गेला असे खुशाल समजावे.

घरोघरी हे काम करणारी माणसे बहुधा साठीच्या पुढची असतात. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात माझ्या दवाखान्यात बागेचे रुग्ण हमखास दिसतात. कुणाची कंबर धरलेली, कुणाच्या बोटात काटा मोडलेला, कुणाच्या मानेवर नि पापण्यांवर लाल पुरळ. सोबत आलेल्या मुलाचे किंवा सुनेचे म्हणणे ठरलेले असते : “डॉक्टर, आता तुम्हीच सांगा यांना, हे बागकाम पुरे म्हणून.” मी तसे क्वचितच सांगते. त्याचे कारण माझ्या घरातच आहे.

माझ्या सासूबाई आता ऐंशी वर्षांच्या आहेत. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये परसदारच्या पायरीवरील शेवाळावरून त्यांचा पाय सरकला. पडताना माणूस स्वाभाविकपणे हात पुढे टेकतो, आणि या वयात हाडे ठिसूळ झालेली असली की मनगट मोडते. तसेच झाले. सहा आठवडे प्लास्टर होते. ते निघाले तेव्हा हाड नीट जुळले होते. बोटे आखडलेली होती, पण ती व्यायामाने सुटणारी होती. अस्थितज्ज्ञ समाधानी होते.

घरी मात्र वेगळेच चित्र होते. चाळीस वर्षे ज्या परसात त्यांनी रोज तासन्‌तास घालवले, त्याचा उंबरठा त्या ओलांडेनात. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहत, बाहेर बघत आणि आत फिरत. घरातही भिंतीला हात लावून चालू लागल्या. जेवणाच्या टेबलापासून पलंगापर्यंतचे अंतर त्या अशा चालत, जणू मध्ये ओढा आहे. एके दिवशी त्या स्वतःच म्हणाल्या, “परसात लाद्या बसवून टाका. कुणाला आता माती उपसायची आहे?” बंगळुरूहून धाकट्या दिरांचा फोन आला; त्यांनाही ही सूचना पटली. माझ्या यजमानांनी तर कारागीर गाठून चौरस फुटाचा दरही काढला.

पडण्याची भीती हे वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने निव्वळ मनाचे दुबळेपण नसते. एकदा पडलेल्या वृद्धांमध्ये ती फार आढळते, आणि तिचे परिणाम शरीरावर मोजता येतात. भीतीमुळे चालणे घटते, चालणे घटले की मांड्यांचे स्नायू झपाट्याने रोडावतात, तोल बिघडतो, आणि ज्या पडण्याची भीती होती तेच जवळ येते. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येते का, हे मी माझ्या वृद्ध रुग्णांना नेहमी करून दाखवायला सांगते. सासूबाईंना जुलैमध्ये ते सहज येत होते. सप्टेंबरअखेर त्यांना दोन्ही हात टेकावे लागत होते. मनगट जुळल्याचा आनंद मला म्हणूनच पुरता घेता येईना.

मी एवढेच सुचवले की लाद्यांचे काम संक्रांतीनंतर करू. एक थंडी तेवढी जाऊ द्या. सासूबाईंनी अट घातली. “मी खाली वाकणार नाही आणि त्या मागच्या पायरीकडे जाणार नाही.” अट मान्य करण्यासारखी होती. त्या जमिनीपर्यंत जाणार नसतील, तर जमिनीने वर यायला हवे होते.

माडीवर एक जुनी लोखंडी खाट पडून होती. ती समोरच्या अंगणात, उन्हाच्या बाजूला आणून प्रत्येक पायाखाली दोन दोन विटा दिल्या. त्यावर द्राक्षांचे सहा प्लास्टिक क्रेट मांडले. आमच्याकडे हे क्रेट मुबलक मिळतात. इतरत्र भाजीवाल्याकडचे चालतील. आत हिरव्या शेडनेटचे अस्तर घातले, म्हणजे माती राहते आणि जास्तीचे पाणी निथळते. शेजारी हाताची एक भक्कम खुर्ची ठेवली. खुर्चीत बसल्यावर क्रेटची कड साधारण कोपराच्या उंचीला येत होती. ही उंची महत्त्वाची आहे. त्याहून वर गेल्यास खांदे दुखतात आणि खाली गेल्यास पाठीला बाक येतो. ज्यांचे गुडघे बदललेले आहेत, ज्यांना जमिनीवर मांडी घालणे वर्ज्य आहे, त्यांच्यासाठी याहून सोपी व्यवस्था मला ठाऊक नाही.

अर्थात मातीला हात लावण्यापूर्वी दोन दिवस नुसत्या साफसफाईत गेले, आणि माझ्या मते थंडीच्या बागेची खरी सुरुवात इथूनच व्हावी. पावसाळ्यातले शेवाळ ऑक्टोबरच्या उन्हात वाळून काळे पडते, दिसेनासे होते. पण नळाचे पाणी पडले की पुन्हा तितकेच निसरडे होते. ते ब्लीचिंग पावडर टाकून तारेच्या ब्रशने घासून काढावे लागते. हे काम तरुण माणसाने करावे. दारापासून खाटेपर्यंतच्या वाटेवर पाण्याचा पाइप, खुरपे, वीट असे काहीही पडलेले नसावे. जुन्या झिजलेल्या रबरी सपाता टाकून द्याव्या आणि टाच बांधणारी, खरखरीत तळाची चप्पल घालावी.

मग कुंड्यांखालच्या ताटल्या. डेंग्यू पसरवणारा डास अशा साचलेल्या स्वच्छ पाण्याच्या काठाला अंडी घालतो आणि ती अंडी कोरड्यातही काही महिने तग धरतात. म्हणून ताटलीतले पाणी नुसते ओतून देणे पुरेसे नाही. आठवड्यातून एकदा ती काथ्याने घासून कोरडी करावी लागते. आमच्याकडे त्यासाठी शनिवार ठरला. शक्य असेल तर ताटल्या काढूनच टाकाव्यात हे माझे मत, पण फरशीवर डाग पडतात म्हणून घरातील कुणी ना कुणी त्याला विरोध करतेच.

नाशिकची काळी माती ओली असता चिकट आणि वाळली की दगडासारखी. क्रेटमध्ये ती एकटी चालत नाही. एक भाग माती, एक भाग जुने कुजलेले शेणखत, एक भाग कोकोपीट आणि वर मूठभर निंबोळी पेंड, असे मिश्रण आम्ही केले. हलके असल्यामुळे क्रेट सरकवताना पाठ जात नाही. कोरड्या खताची धूळ दम्याच्या रुग्णाला फार त्रास देते. म्हणून आधी पाण्याचा हबका मारावा, मग कालवावे, आणि नाकावर मास्क असावा. करोनाच्या काळातले मास्क अजून प्रत्येकाच्या कपाटात आहेत.

पहिल्या दिवशी सासूबाई दारातल्या खुर्चीवरून नुसत्या पाहत होत्या. माझे यजमान मोठ्या उत्साहाने मेथीचे दाणे फेकत होते. थोडा वेळ त्यांनी सहन केले. मग आतून आवाज आला, “अरे, मेथी पेरतोयस की कोंबड्यांना दाणे टाकतोयस?” आणि त्या उठल्या. काठी होती, माझा हात होता, पण उंबरठा त्यांनी ओलांडला. त्यांनी बोटाने सरळ ओळी आखल्या, त्यात दाणे सोडले आणि वर मातीचा पातळ थर तळहाताने थापून बसवला. दहा मिनिटांत दमल्या नि आत गेल्या. त्या दिवशी तेवढे पुरेसे होते.

दुसऱ्या दिवशी धणे निघाले. कोथिंबिरीसाठी धणा रगडून त्याच्या दोन फाकी करतात आणि रात्रभर भिजवतात. अख्खा धणा रुजायला उशीर लावतो. सासूबाईंनी पाटावर धणे पसरून त्यावर पालथी वाटी धरली आणि उजव्या हाताने गोल गोल फिरवत राहिल्या. फिजिओथेरपिस्टने मनगटासाठी दिलेला रबरी चेंडू तीन आठवडे खणात पडून होता. इथे मात्र मनगट फिरत होते, बोटे दाबत होती, आणि त्या चुकूनही त्याला व्यायाम म्हणत नव्हत्या. मीही तो शब्द उच्चारला नाही.

मेथी पाच-सहा दिवसांत उगवते, महिन्याभरात खुडायला येते. पालकाला थोडा अधिक वेळ लागतो. मुळा आणि गाजर थेट बियांनीच लावावे, त्यांना उपटून पुन्हा लावणे मानवत नाही. फ्लॉवर-टोमॅटोची रोपे रोपवाटिकेतून आणणे वृद्धांसाठी सोयीचे. लसणाच्या पाकळ्या टोक वर करून खोवाव्या. हे सारे आमच्या खाटेवर होते, फ्लॉवर वगळता. त्याला जागा फार लागते, आणि सासूबाईंच्या मते तो बाजारातलाच बरा.

आता वेळेविषयी थोडे, कारण वृद्धांचा बहुतेक घोटाळा इथे होतो. आयुष्यभर पहाटे उठण्याची सवय असलेली माणसे डिसेंबरातही साडेसहाला झारी घेऊन बाहेर पडतात. थंडीत त्वचेलगतच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचे प्रमाण हिवाळ्यात, विशेषतः सकाळी, अधिक असते. ज्यांना हृदयरोग किंवा उच्च रक्तदाब आहे, त्यांनी ऊन अंगणात उतरल्यावर, नाष्टा आणि सकाळच्या गोळ्या झाल्यावरच बाहेर जावे. रोपांनाही सकाळी उशिरा दिलेले पाणी चालते. शिवाय कोवळ्या उन्हातून ड जीवनसत्त्व भरपूर मिळते ही समजूत तितकीशी खरी नाही. त्वचेत ते तयार करणारे किरण सूर्य वर आल्यावरच पुरेसे पोहोचतात, साधारण अकरा ते दोनच्या दरम्यान. थंडीतले हे ऊन वीस-पंचवीस मिनिटे हातांवर आणि चेहऱ्यावर घेणे सुसह्य असते. मात्र वयानुसार त्वचेची ही क्षमता घटते, तेव्हा डॉक्टरांनी दिलेली औषधे उन्हाच्या भरवशावर बंद करू नयेत.

प्रोस्टेटसाठी किंवा रक्तदाबासाठी गोळ्या घेणाऱ्या पुरुषांना ओणवे होऊन काम केल्यावर एकदम उभे राहताना घेरी येते. हे दवाखान्यात सांगायला ते लाजतात आणि अशक्तपणा म्हणून टॉनिक मागतात. ही घेरी त्या गोळ्यांची असू शकते. आधी बसावे, दहा आकडे मोजावे, मग आधाराने उठावे, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना अवश्य सांगावे. पाण्याची झारी पूर्ण भरू नये. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो. दोन लहान झाऱ्या अर्ध्या भरून दोन्ही हातांत घेतल्यास तोलही सांभाळला जातो. थंडीत तहान लागत नाही म्हणून स्वतः पाणी पिण्याचे विसरतात ते वेगळेच.

मधुमेही माणसाने अनवाणी मातीत उतरू नये, हे मी प्रत्येक हिवाळ्यात सांगते आणि प्रत्येक हिवाळ्यात कुणीतरी तळव्याला खोल काटा घेऊन येते. संवेदना कमी झालेली असल्याने त्याला तो चार दिवस कळलेलाही नसतो. बागेतून आल्यावर पाय धुऊन, पुसून, तळवे आरशात पाहावेत. नजर कमी असेल तर घरातल्यांनी पाहावेत. धनुर्वाताची शेवटची लस कधी घेतली हे बहुतेकांना आठवत नाही. दर दहा वर्षांनी ती घ्यावी लागते. हल्ली टीटीऐवजी टीडी नावाची लस मिळते, तिच्यात घटसर्पापासूनही संरक्षण आहे. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी गुलाबाची छाटणी जाड चामडी हातमोजे घालूनच करावी. आमच्याकडे ऑक्टोबरमधली ती छाटणी आता यजमान करतात आणि सासूबाई खुर्चीतून फांदी दाखवतात : बाहेर वळलेल्या डोळ्याच्या जरा वर, तिरका काप. दोघांचे एकमत होईपर्यंत निम्मी सकाळ जाते.

त्या लाल पुरळाचा उल्लेख मी सुरुवातीला केला. त्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे गाजरगवत, ज्याला लोक काँग्रेस गवत म्हणतात. १९५० च्या दशकात पुण्यात या परदेशी तणाची नोंद झाली आणि आज ते नाही असा मोकळा भूखंड सापडणे कठीण. त्याचे सूक्ष्म कण हवेतून येऊनही पापण्या, मान, कोपराची लवण येथे चिवट इसब उठवतात. ते फुलण्यापूर्वी, पूर्ण बाह्या आणि हातमोजे घालून, मुळासकट काढावे. ज्यांना एकदा हा त्रास झाला आहे त्यांनी स्वतः काढू नये.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. पावसाळ्यानंतर वाढलेल्या गवतात अतिसूक्ष्म किड्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस नावाचा ताप येतो. २०१८ मध्ये नागपूर परिसरात त्याचे बरेच रुग्ण आढळले होते. चावा दुखत नाही. काखेत, जांघेत किंवा कमरेच्या पट्ट्याखाली सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली दिसते. वृद्ध माणसाला ताप आला आणि त्याआधीच्या पंधरवड्यात गवत काढलेले असेल, तर स्नानाच्या वेळी ही खपली शोधावी आणि डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात. वेळेवर निदान झाले तर साध्या औषधाने हा आजार बरा होतो, उशीर झाला तर जिवावर बेततो.

आणि पाचोळा जाळू नका. या एका बाबतीत मी सौम्य बोलू शकत नाही. थंडीत सकाळची हवा जड असते, धूर वर जात नाही, तो शेजारच्या खिडकीत शिरतो. जुनाट खोकल्याच्या, दम्याच्या किती रुग्णांची नोव्हेंबरातली नेब्युलायझरची पाळी गल्लीतल्या शेकोटीने ओढवलेली असते! तोच पाचोळा क्रेटच्या मातीवर दोन बोटे जाड पसरला की ओल टिकते आणि मुळांना ऊब मिळते. उरलेला कोपऱ्यात खड्ड्यात टाकावा, पुढच्या वर्षी खत होईल. मात्र विटा-लाकडांच्या किंवा पाल्याच्या ढिगात उघडा हात कधी घालू नये. आधी काठीने हलवावे.

नोव्हेंबरच्या अखेरीस पहिली मेथी खुडली. त्याच सुमारास खालच्या आळीतील एक आजोबा आपल्या गच्चीवरचा पालक रोज खाऊ लागल्याचे आनंदाने सांगत आले. त्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे आणि ते वॉरफरिन घेतात. हिरव्या पालेभाज्यांतले के जीवनसत्त्व या गोळीचा परिणाम कमी करते. याचा अर्थ भाजी सोडावी असा नाही. आठवड्याला साधारण सारखे प्रमाण ठेवावे. बागेला भर आला म्हणून एकदम रोज वाटीभर, आणि हंगाम संपला की शून्य, असे होऊ नये. मूत्रपिंडाचे रुग्णही पालेभाज्यांविषयी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

सासूबाईंच्या बाबतीत चमत्कार झाला असे मी लिहिणार नाही. हाडांचा ठिसूळपणा आहेच, त्याचे औषध चालू आहे. पण डिसेंबरात त्या काठी घेऊन एकट्या खाटेपर्यंत जाऊ लागल्या आणि जानेवारीत खुर्चीतून एकच हात टेकून उठू लागल्या. तुळशीच्या लग्नाला वृंदावन कुणी रंगवायचे यावर नातवाशी त्यांचा वाद झाला, तोही अंगणातच. तुळशीच्या मंजिऱ्या मात्र त्यांनी कुणाला खुडू दिल्या नाहीत. त्या वेळच्या वेळी काढल्या नाहीत तर झाड थंडीत लवकर वठते.

निफाडला पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या बातम्या येऊ लागल्या की आम्ही रात्री क्रेटवर त्यांचे जुने सुती लुगडे पसरतो, पाने दबू नयेत म्हणून खाली चार काठ्या खोवून. ते झाकण्याचे काम माझे, आणि दव सुकल्यावर काढण्याचे त्यांचे.

लाद्यांचे काम संक्रांतीनंतर झाले, पण फक्त वाटेपुरते, खरखरीत शहाबादी फरशीचे. मागच्या पायरीला लोखंडी कठडा बसवला आहे. सासूबाई अजून तिकडे जात नाहीत. कढीपत्त्याचे झाड पायरीच्या पलीकडे आहे. तेल तापले की त्या मला हाक मारतात.